जिन्यावरचा पांढरा थर

चिट्याल सर कुठल्याही खोलीत शिरले की आधी दुसरं दार शोधत. पहिलं म्हणजे ज्यातून आपण आत आलो ते. दुसरं सापडलं की मग ते खुर्ची घेत, आणि तीही त्या दाराजवळची. लग्नाच्या हॉलमध्ये, दातांच्या डॉक्टरकडे, कुणाच्या सत्यनारायणाला, सगळीकडे हेच. प्राचार्यांच्या केबिनला दुसरं दार नव्हतं. तिथे ते उभ्यानेच बोलत. त्यामुळे नव्याने आलेल्या प्राध्यापकांचा असा समज व्हायचा की चिट्याल सर प्राचार्यांना फार मानतात.

मी त्या कॉलेजात ग्रंथपाल होतो. सर रसायनशास्त्र शिकवायचे. आमची ओळख पुस्तकांमुळे झाली असं लिहायला मला आवडलं असतं, पण ती झाली एका लोखंडी दारामुळे. ग्रंथालयाच्या मागच्या भिंतीत ते दार होतं आणि त्याला टेकून मी जुन्या मासिकांचे गठ्ठे रचून ठेवले होते. मी नोकरीला लागून थोडेच दिवस झाले होते. एका दुपारी एक उंच, सावळे, पुढे वाकून चालणारे गृहस्थ आत आले, कपाटांच्या रांगांमधून थेट मागे गेले आणि त्या गठ्ठ्यांसमोर उभे राहिले.

"हे दार उघडतं का हो?"

"उघडत असावं," मी म्हणालो.

"असावं?" त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही गायकवाड ना? वळसंगचे? तुमच्या वळसंगात घराला मागलं दार असतं की नाही?"

"असतं की."

"मग हितं आल्यावर काय झालं तुम्हाला?"

त्यांनी शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि माझ्याबरोबर सगळे गठ्ठे हलवले. कडी गंजली होती. प्रयोगशाळेतून तेल आणून ती सोडवली. दार उघडल्यावर ते एकदा बाहेर गेले, एकदा आत आले, आणि हात झटकत म्हणाले, "आता वाचा निवांत."

पुढे ते रोज मधल्या सुट्टीत ग्रंथालयात येऊ लागले. वर्तमानपत्र उघडायचे ते आतल्या पानापासून. कुठे आग लागल्याची लहानशी बातमी असली की ती दोनदा वाचायचे आणि पेपर माझ्यासमोर ठेवायचे. "बघा. माल किती जळला ते लिहिलंय. बंब किती वाजता आला ते लिहिलंय. आमदारांनी भेट दिली तेही आहे. जिना कुठं होता ते नाही." सुरुवातीला मी हसायचो. नंतर नंतर मीही अशा बातम्यांत जिना शोधू लागलो. तो कधीच नसे.

सर भवानी पेठेतल्या तेलुगू विणकर घरातले. घरात तेलुगू, गल्लीत दखनी, शाळेत मराठी, आणि वर्गात इंग्रजी. राग आला की मराठीत सुरुवात करून तेलुगूत संपवायचे, त्यामुळे ऐकणाऱ्याला आपल्याला नेमकं काय बोललं गेलं ते कधी कळत नसे. त्यांचं वडिलार्जित घर त्या भागातल्या पुष्कळ घरांसारखंच होतं. खाली टॉवेलचे यंत्रमाग, वर राहायची जागा, आणि खालून वर जाणारा एकच लाकडी जिना. तिथे त्यांचा धाकटा भाऊ श्रीनिवास कारखाना चालवायचा. तो, त्याची बायको सरोजा, मुलगी लावण्या आणि अम्मा, म्हणजे सरांची आई, असे सगळे वर राहत. सरांची पत्नी लवकर गेली. मूलबाळ नव्हतं. ते स्वतः कॉलेजजवळच्या एका इमारतीत तळमजल्यावर राहायचे.

सर शिकत असताना त्यांच्या मागच्या गल्लीत असंच एक घर जळालं होतं. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही चालता चालता. "खाली सूत. सुताला काय वेळ लागतोय? माणसं वर होती. जिना आधी गेला." एवढंच. मग त्यांनी मला विचारलं, की आज कँटीनमध्ये चहा बरा आहे का.

त्यानंतर केव्हा तरी त्यांनी त्या रंगाचा नाद घेतला. रंग म्हणायचा इतकंच. दिसायला तो जाडसर चुन्यासारखा पांढरा, बिनचमकीचा. लाकडावर किंवा लोखंडी खांबावर त्याचा थर द्यायचा. एरवी तो नुसता बसून राहतो. पण आच लागली की फुगतो, कितीतरी पटींनी, आणि त्याचा काळा, जाळीदार, हवेने भरलेला कोळसा होतो. त्या कोळशातून उष्णता लवकर आत जात नाही. आतलं लाकूड तेवढा वेळ शाबूत राहतं. त्यात तीन पदार्थ असतात, एक आम्ल सोडणारा, दुसरा त्या आम्लाने कोळसा होणारा, तिसरा वायू सोडून तो कोळसा फुगवणारा, असं ते मला समजावत. माझा चेहरा बघून एकदा म्हणाले, "राहू द्या. भाकरी फुगताना बघितलीय ना? वरचा पापुद्रा सुटतो, मधे वाफ. वरच्या पापुद्र्याला चटका, खालचा मऊ. तसं."

"म्हणजे आग विझते?"

"नाही हो! विझवायचं काम बंबवाल्यांचं. दारात नको असलेला माणूस आला तर आपण त्याला ओट्यावर बोलण्यात गुंतवतो की नाही, आतली मंडळी मागनं निघून जाईपर्यंत? तसं आगीला ओट्यावर गुंतवायचं. बास. मला तेवढाच वेळ पाहिजे."

आधी त्यांनी ते मिश्रण स्वतःच बनवून पाहिलं. प्रयोगशाळेच्या मागे पत्र्याच्या शेडमध्ये ते फळ्या रंगवून वाळत घालायचे. उन्हाळ्यात सगळं झकास जमलं. पावसाळ्यात हवेतला ओलावा पिऊन त्या फळ्या चिकट झाल्या आणि थर गळून खाली आला. शिपाई म्हणाला, "सर, तुमच्या फळ्यांस्नी घाम आलाय." सर स्वतःच खो खो हसले. मग त्यांनी हट्ट सोडला आणि कंपनीत तयार झालेला, तपासणी झालेला माल मागवला. "आपलं नाव नको, माणसं खाली यायला पाहिजेत," असं म्हणाले.

तो पहिला डबा अर्थातच भावाच्या घरच्या जिन्यासाठी होता. त्याला कारण अम्मा. अम्मांचं खुब्याचं हाड मोडलं होतं आणि त्या पलंगाला खिळल्या होत्या. सरांनी त्यांना आपल्या तळमजल्यावर नेण्याची खटपट केली. आठवडाभर नेलंही. तिथे अम्मांना झोप येईना. जन्मभर त्या मागांच्या खडखडाटावर झोपलेल्या. सरांच्या घरातली शांतता त्यांना सोसली नाही. "म्हणते, इथं मेल्यासारखं वाटतं," सरांनी मला सांगितलं. अम्मा परत वर गेल्या. आता त्यांना कधी घाईने खाली आणायची वेळ आली तर दोन माणसांनी उचलून, त्या अरुंद जिन्यावरूनच आणावं लागणार होतं. सरांच्या डोक्यात दिवसरात्र तेवढंच होतं. तो जिना टिकला पाहिजे.

थर द्यायच्या रविवारी मी तिथे होतो. सर जिन्याखाली पाठीवर झोपून पायऱ्यांच्या खालच्या बाजूला ब्रश मारत होते. आग खालून येते, म्हणून. श्रीनिवास मागाच्या दाराशी उभा राहून बघत होता.

"अन्ना, तू कॉलेजात शिकव की. कारागीर हसालेत."

"हसू दे."

"चुना लावल्यासारखं दिसतंय. गिऱ्हाईक येतंय हितं."

"गिऱ्हाईक जिना विकत घेतंय का टॉवेल?"

वरून अम्मांनी तेलुगूत काहीतरी विचारलं. सरांनी उत्तर दिलं. त्यावर अम्मा पुन्हा काही बोलल्या आणि वर सरोजावहिनी मोठ्याने हसल्या. मी विचारलं, काय म्हणतात? सर खालूनच म्हणाले, "म्हणते, माझ्या पोरानं जिन्याला भस्म फासलं."

सरोजावहिनींबद्दल लिहायला हवं. त्या ठेंगण्या, भरभर बोलणाऱ्या, सतत काहीतरी हातात असलेल्या. थोरल्या दिराला तेलुगूत बावा म्हणतात. त्या सरांना बावा म्हणायच्या आणि त्यांच्या सगळ्या विक्षिप्तपणासकट त्यांच्यावर माया करायच्या. सर आले की जेवल्याशिवाय त्यांना सोडायच्या नाहीत. अम्मांचं सगळं त्याच करायच्या, आणि कुरकुर न करता. सर एकदा मला म्हणाले होते, "माझ्या आईला मी जन्माला घातलं असतं तरी इतकं केलं नसतं."

काही वर्षं तो जिना तसाच पांढरा राहिला. खंडेनवमीला माग धुवायचे, पुसायचे, त्यांना रंगाचा हात द्यायचा, झेंडूच्या माळा घालायच्या. जिन्यालाही माळ लागायची, पण रंगाचा ब्रश लागू नये म्हणून सर त्या दिवशी सकाळीच येऊन बसायचे. दरम्यान गल्लीतल्या आणखी काही घरांना त्यांनी पटवलं होतं. ते संध्याकाळी दारोदार जाऊन जिने बघत. लोक वैतागत, टिंगल करत, आणि शेवटी "सर म्हणतात तर लावू की" म्हणत. पेठेत त्यांना मान होता. पुष्कळांची पोरं त्यांच्या हाताखालून गेली होती.

मग लावण्याचं लग्न ठरलं. मुलगा हैदराबादचा. लग्नाच्या आधी सर पेपर तपासायला पुण्याला गेले होते. हळदीच्या दिवशी सकाळी परत आले आणि स्टेशनवरून मला घेऊन थेट भवानी पेठेत गेले.

जिना चकाकत होता. गडद चॉकलेटी ऑइल पेंट, त्यावर दोन्ही बाजूंनी पिवळ्या रेघा, प्रत्येक पायरीच्या कडेला रांगोळी. नवरी मुलगी दुसऱ्या दिवशी याच जिन्यावरून उतरून सासरी जाणार होती. सरोजावहिनी हळदीने माखलेल्या हातांनीच पुढे आल्या.

"बावा, कसा दिसतोय?"

सर जिन्याकडे बघत होते. तेवढ्यात रंगारी पुढे आला. मेहबूबमामू, पेठेतला जुना, नावाजलेला रंगारी. त्याला लग्नाचं आमंत्रण होतं आणि तो नवीन शर्ट घालून आला होता.

"सर, दो दिन घिसे हमे," तो अभिमानाने म्हणाला. "वो सफेद था नै, पूरा निकाल दिये. लकडा दिखेतक घिसे. खुरदरे पे पेंट मारे तो चमकता नै ना. नीचेसे भी घिसे. कोई झुकके देखे तो क्या बोलेगा?"

चांगल्या कारागिराने जे करायला हवं ते सगळं त्याने केलं होतं. सर खाली वाकले. पायरीच्या खालच्या बाजूवरून तळहात फिरवला. तीही आरशासारखी गुळगुळीत होती. ते सरळ उभे राहिले तेव्हा मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं.

"अच्छा किये मामू," ते म्हणाले. "खाना खाये क्या?"

मामू मांडवाकडे गेला. घासण्याचं बोलणं सरोजावहिनींच्या कानावर गेलं नव्हतं. रंगाआधी रंगारी घासतो एवढंच त्यांनी लग्नाच्या गडबडीत पाहिलं असणार; पांढरा थर मुळापासून निघाल्याचं त्यांना माहीत नव्हतं. त्यांना कुणी तरी आतून हाक मारली होती आणि त्या अर्ध्यातच वळल्या होत्या. परत येऊन त्यांनी पुन्हा विचारलं, "सांगा की, कसा दिसतोय?"

"लग्नघराचा जिना दिसतोय," सर म्हणाले.

त्या खुश झाल्या.

लग्न झाल्यावर चार दिवसांनी सरांनी श्रीनिवासला ओट्यावर बसवून सांगितलं की जिना पुन्हा करावा लागेल. का, ते सांगितलं नाही. श्रीनिवास हात जोडून म्हणाला, "अन्ना, आता लगेच नको. दिवाळसणाला जावई येणार. सरोजानं लई हौसेनं केलंय. तुझं भस्म परत फासलं तर रडंल ती. दिवाळी होऊ दे."

ज्या माणसाने एकदा एका मंगल कार्यालयाच्या मॅनेजरशी बंद दारावरून भांडण काढून वऱ्हाड ताटकळत ठेवलं होतं, तो माणूस आता पेटून उठेल असं मला वाटलं. सरांनी बोटांवर आठवडे मोजले. मग म्हणाले, "दिवाळी झाल्यावर पहिला रविवार."

"पहिला रविवार," श्रीनिवास म्हणाला.

परत येताना मी काही विचारलं नव्हतं, तरी ते रिक्षात म्हणाले, "नुकतीच लेक सासरी गेलीय घरातनं. आत्ताच काय त्या बाईच्या तोंडावर तिचा रंग खरवडायचा." त्याच आठवड्यात त्यांनी नवा डबा मागवला. तो त्यांच्या घरात दाराशीच ठेवलेला असे.

आग दसऱ्यानंतर लागली. दिवाळीच्या मालाची घाई होती, सगळे माग चालू होते. दुपारची वेळ. स्विचबोर्डात ठिणगी पडली आणि खाली जमलेल्या सुताच्या कचऱ्याने ती घेतली. कारागीर रस्त्यावर पळाले, ते सगळे वाचले. श्रीनिवास बाजारात होता. वर सरोजावहिनी आणि अम्मा होत्या. वहिनींनी अम्मांना उचलून पाहिलं. एकटीला उचलेना. फरफटत दारापर्यंत आणलं. मग त्या माणसं बोलवायला जिन्यावरून धावत खाली आल्या. गल्लीतली दोन माणसं तोंडाला ओले टॉवेल बांधून त्यांच्याबरोबर परत निघाली. तेवढ्या वेळात जिन्याने पेट घेतला होता. कुणी वर जाऊ शकलं नाही.

निरोप मिळून सर आणि मी पोचलो तेव्हा बंबवाले शिडी लावून खिडकीतून अम्मांना खाली आणत होते. धुराने त्या आधीच गेल्या होत्या. अंगावर कुठे भाजलेलं नव्हतं. सरांनी आईच्या तोंडावरची काजळी रुमालाने पुसली. मग वळून त्यांनी आत बघितलं, जिथे जिना होता तिथे. त्या दुपारबद्दल ते माझ्याशी आपणहून कधी बोलले नाहीत.

सगळं घर एका नातेवाइकाच्या रिकाम्या जागेत राहायला गेलं. सरोजावहिनी जेवेनात. रडतही नव्हत्या. भिंतीला टेकून बसायच्या. श्रीनिवास घाबरून गेला होता. दिवसकार्य उरकल्यावर एका दुपारी सर आणि मी गेलो होतो, तेव्हा त्या एकदम बोलल्या.

"बावा, खरं सांगा. मी रंग दिला म्हणून गेला ना जिना? तुमचं पांढरं राहिलं असतं तर आम्ही वर गेलो असतो. अम्माला आणलं असतं."

"कोण म्हणालं तुला असं?"

"कुणी कशाला म्हणायला पाहिजे? तुम्ही पुन्हा लावायचं म्हणत होता ते मला माहीत हाय. मीच मारलं अम्माला."

सर उठून उभे राहिले. "मी सांगत नाही," ते म्हणाले. "उद्या दाखवतो."

दुसऱ्या दिवशी ते लाकडाच्या दोन पट्ट्या घेऊन आले. दोन्हींवर नव्या डब्यातला पांढरा थर दिलेला. त्यातल्या एकीवर वरून चॉकलेटी ऑइल पेंट. त्यांनी ती पट्टी वहिनींच्या हातात दिली. "हाच ना तुझा रंग?" वहिनींनी मान हलवली. सरांनी स्वयंपाकघरातला गॅस पेटवला आणि सांडशीने आधी पांढरी पट्टी आचेवर धरली. ती फुगली, काळी झाली. मग दुसरी धरली. वरचा रंग भुरकन जळाला, त्याचे फोड आले, घाण वास सुटला. आणि त्याच्या खालून तसाच काळा जाळीदार थर फुगून वर आला. सरांनी गॅस बंद केला. चाकूने तो कोळसा खरवडून आतलं लाकूड दाखवलं. दोन्ही पट्ट्यांचं लाकूड पांढरं होतं.

"म्हणजे रंगानं काही होत नाही?" वहिनींनी विचारलं.

"डोळ्यांनी बघितलंस की."

"मग जिना का गेला?"

"आग मोठी होती, सरोजा," सर म्हणाले. "माझं औषध कमी पडलं."

त्या ओट्याशीच खाली बसल्या आणि आगीनंतर पहिल्यांदा रडल्या. खूप वेळ रडल्या. संध्याकाळी त्यांनी थोडा भात खाल्ला.

प्रयोगात एक वाचन लपवलं म्हणून विद्यार्थ्याला सबंध प्रयोग पुन्हा करायला लावणारे सर मी पाहिले होते. त्या दुपारी त्यांनी जे दाखवलं त्यात खोटं काही नव्हतं. वरून रंग दिला तरी खालचा थर फुगतो, हे खरंच आहे. पण जिन्यावर रंगाखाली थर उरलाच नव्हता. तो मामूने लाकूड दिसेपर्यंत घासून काढला होता. रस्त्यावर आल्यावर मी म्हणालो, "सर, पण ते घासलेलं..."

"घासलेल्याचं तिनं विचारलं नाही," ते म्हणाले, आणि रिक्षाला हात केला.

त्यांना याची किंमत काय द्यावी लागणार आहे ते त्या क्षणी माझ्या लक्षात आलं नाही. त्यांच्या आलं असावं. महिन्याभरात पेठेत सगळीकडे झालं, की चिट्याल सरांचं ते पांढरं औषध त्यांच्याच घरात चाललं नाही. ज्यांनी लावायचं कबूल केलं होतं त्यांनी नाही म्हणून सांगितलं. ज्यांनी आधी लावलं होतं त्यांनी ते घासून काढून खुशाल रंगकाम काढलं. सर तरीही संध्याकाळी जात राहिले. मी एकदोनदा बरोबर होतो. लोक आदराने बसवायचे, चहा द्यायचे.

"सर, तुमच्याच घरात उपयोग झाला नाही की," एक कारखानदार अगदी मऊपणाने म्हणाला. तोही त्यांचा विद्यार्थी होता.

सरांना एका वाक्यात उत्तर देता आलं असतं. ते वाक्य दुसऱ्या दिवशी सरोजावहिनींपर्यंत पोचलं असतं. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, "बरं, ते राहू दे. मागच्या खिडकीला बाहेरून लोखंडी शिडी तरी लाव. माझ्यासाठी लाव." त्याने लावली. अशा काही शिड्या अजून त्या गल्ल्यांत दिसतात. पण लाकडी जिने पुष्कळ आहेत, आणि शिडीवरून अम्मांसारखं माणूस उतरवता येत नाही. हे सरांना कुणी सांगायची गरज नव्हती. त्या दिवसांत ते एकदम म्हातारे दिसू लागले. ग्रंथालयात यायचे, पण वर्तमानपत्र उघडायचे नाहीत.

निवृत्तीनंतर त्यांना पोटाचा कॅन्सर निघाला. श्रीनिवासने तोवर शहराबाहेर नवं घर बांधलं होतं, एकमजली. सरोजावहिनी हट्टाने त्यांना तिथे घेऊन गेल्या आणि शेवटपर्यंत त्यांचं सगळं केलं.

सर जाऊन काही वर्षं झाली. सरोजावहिनी या उन्हाळ्यात गेल्या. म्हणून आता हे लिहितो आहे. नावं बदलली आहेत आणि गल्ली सांगितलेली नाही. ज्यांना ओळख पटेल त्यांनी लावण्याजवळ बोलू नये, एवढी विनंती. आणि ज्यांच्या घरात खाली सूत आणि वर माणसं आहेत त्यांनी एवढं ध्यानात घ्यावं, की ते औषध कमी पडलेलं नव्हतं.

सरांना मी शेवटचं पाहिलं ते त्या नव्या घरी. खोलीला दोन दारं होती, दोन्ही उघडी. सर अगदी बारीक झाले होते, बोलणं जवळजवळ बंद होतं. वहिनी त्यांना चमच्याने पेज भरवत होत्या. तेवढ्यात पेठेतला एक तरुण कारखानदार त्यांना बघायला आला. त्याने नुकतंच जुनं घर विकत घेतलं होतं, खाली माग टाकणार होता. थोडा वेळ इकडचं तिकडचं झाल्यावर, आजारी माणसाला बरं वाटावं म्हणून असेल, तो म्हणाला, "सर, जिना लाकडीच हाय आमचा. तुमचं ते पांढरं लावून घेऊ का?"

सरांच्या आधी वहिनीच बोलल्या, अगदी सहज. "नको रे बाबा. त्यानं काय होत नाही. आमचा जिना राहिला का? बावांनी स्वतः कबूल केलंय. रंगाचा काही संबंध नव्हता, ते औषधच कमी पडलं."

तो तरुण मान डोलवू लागला. सरांनी उशीवरचं डोकं त्याच्याकडे वळवलं. हात पांघरुणातून बाहेर काढला आणि त्याचं मनगट धरलं. त्यांना श्वास जमवायला वेळ लागला.

"लाव," ते म्हणाले.

तो गोंधळून माझ्याकडे बघायला लागला. मी पेजेच्या वाटीकडे बघत राहिलो. सरांनी मनगट सोडलं नाही.

"तरी लाव."

वहिनी हसल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "अजून हट्ट जात नाही बघा," त्या आम्हाला म्हणाल्या. त्यांनी टॉवेलच्या टोकाने सरांच्या हनुवटीवरची पेज पुसली, त्यांचा हात हळूच सोडवून पांघरुणात ठेवला आणि पुढचा चमचा भरला. सरांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि तोंड उघडलं.